ट्रॅक्टरचे सुळे

माझ्या इंग्रजी शिक्षणाचा सासरी पहिला उपयोग झाला तो लग्नानंतर सात वर्षांनी, आणि तोही एका ट्रॅक्टरला. तोवर घरात इंग्रजी लागे ते तार वाचण्यापुरतं. तारा बहुतेक कुणीतरी वारल्याच्या असत, आणि त्या कळण्यासाठी बी.ए. व्हावं लागत नाही. पोस्टमनचा चेहरा पुरतो.

हे आता लिहिण्याचं कारण असं. गेल्या महिन्यात तुमच्यातल्या थोरल्यानं त्याच्या गोदामाचा फोटो पाठवला. पिवळी गाडी, तिच्या पुढे दोन लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांवर लाकडी चौकट आणि चौकटीवर खोकी. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘आजी, हे तुला कळणार नाही.’ मी फोटो मोठा करून पाहिला. पट्ट्या लांब आहेत, पण मागे वजन पुरेसं दिसतं. चौकटीची एक फळी तडकलेली आहे, ती बदलून घे. बाकीचं पुढे लिहिते.

आपली फरशीची वखार तेव्हा अक्कलकोट रोडला होती. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. एमआयडीसीत एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या, त्यांत टॉवेल-चादरींचे माग बसत होते, आणि मागांच्या शेडला शहाबादी फरशी लागे. ती आमच्याकडून जाई. वखार मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. तुमच्या खापरपणजोबांपासून घराणं व्यापारातलं, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. मामंजींची या दोन भाषांची वाटणी ठरलेली होती. होकार ते मराठीत देत आणि नकार कानडीत. नकाराचा शब्द एकच, ‘ब्याड’. तो आला की विषय संपला. गिऱ्हाइकांनाही हे माहीत होतं.

फरशीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. फरशी आडवी रचत नाहीत. ती उभी ठेवतात, कडेवर, जराशी कललेली, एकीला टेकून दुसरी. आडव्या थप्पीत खालची फरशी वरच्यांच्या वजनानं तडकते. नव्या हमालाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवत. आमच्या घरात हे इतकं मुरलेलं होतं, की तुमचा बाबा शाळेची पाटीसुद्धा कधी आडवी ठेवत नसे. भिंतीला टेकवून उभी ठेवी.

वखारीत सहा हमाल होते आणि त्यांच्यावर एक मुकादम. मुकादम मंगळवेढ्याकडचा, वखार निघाली त्या वर्षापासूनचा. फरशीला बोटानं टिचकी मारून, आवाजावरून तो सांगे की हिला आतून चीर आहे की नाही. माणसांनाही तो साधारण तसंच तपासत असे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ट्रकमधून माल उतरवताना एका हमालाच्या हातून फरशी सुटली. मुकादमानं ती वाकून झेलली आणि त्याची कंबर गेली. जमिनीवर पडल्या पडल्या तो म्हणाला, “कोपरा उडाला आसता की.” कोपरा शाबूत राहिला.

डॉक्टरांनी त्याला तीन महिने बाजेवर पडून राहायला सांगितलं, आणि त्यानंतर जन्मात वजन उचलायचं नाही असंही सांगितलं. तीन महिने संपले त्या दिवशी तो काठी टेकत वखारीत आला. मामंजी म्हणाले, “ये, बस. हमालांवर लक्ष ठेव.”

“बसून?” मुकादम म्हणाला.

“मग काय उभा राहून? बस.”

तो तीन दिवस बसला. चौथ्या दिवशी मामंजींसमोर येऊन उभा राहिला. “मालक, हे काय खरं न्हाय. पोरं फरशी उचलत्यात आन मी बगतो. मला लाज वाटती. गावाकडं भाऊ हाय, जवारीची राखण तरी करीन. पाखरं हाकलायला कंबर लागत न्हाय.”

“कधी जाणार?”

“गड्ड्याची जत्रा बगून जातो.”

म्हणजे संक्रांतीपर्यंत. मामंजींनी मान हलवली. होकार नाही आणि नकारही नाही. जो माणूस आवाजावरून फरशीतली चीर ओळखतो तो शेतात डबा बडवत पाखरं हाकलणार, हे त्यांना पटलेलं नव्हतं, पण तसं बोलून दाखवण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

पंधरा दिवसांनी वखारीच्या दारात एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. धरणाच्या कामावरून लिलावात निघालेला, पुढे लोखंडी बकेट बसवलेला. मामंजींनी आम्हाला कारण सांगितलं की हल्ली माणसं मिळत नाहीत. सहाही हमाल तेव्हा समोरच उभे होते. त्यांचे चेहरे उतरले, तेव्हा मामंजी त्यांना म्हणाले, “यंत्र नुसतं उचलतं. फरशी निवडायची, रचायची, गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये बसवायची, ती कोण बसवणार, ते?” मग मुकादमाकडे वळून म्हणाले, “तू गावी सोसायटीचा ट्रॅक्टर चालवायचास ना?”

“व्हय. पर तवा कंबर व्हती.”

“कंबर ट्रॅक्टरला आहे. तू बस.”

डॉक्टरांनी ट्रॅक्टर चालवायला मनाई केली नव्हती, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मुकादमानं सीटवर पोत्याची चौपदरी घडी टाकली आणि यंत्र चालू केलं. हमालांनी बकेटमध्ये दहा फरश्या ठेवल्या, खाली गोणपाट, मध्ये गोणपाट. वखारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रॅक्टर चालला. बकेट कलवून फरश्या उतरवल्या तेव्हा दहातल्या तीन फरश्यांचे कोपरे गेले होते. मुकादमानं ते तीन तुकडे हातात घेऊन पाहिले.

“हे माती खायचं तोंड हाय, मालक,” तो म्हणाला. “फरशी न्हाय जायाची ह्याला.”

त्या दिवशी दुपारी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले. हे कधी घडत नसे. त्यांच्या हातात ट्रॅक्टरबरोबर आलेल्या कागदांची पेटी होती. “सूनबाई, ह्यात काहीतरी काट्यांचं चित्र आहे. इंग्रजीत आहे. बघ.”

मी हात धुतले, पेन्सिल घेतली, वही घेतली. ते कंपनीचं माहितीपत्रक होतं. चित्रात बकेटच्या जागी दोन लांब लोखंडी काटे होते आणि त्यांच्यावर माल. असे काटे बसवले की बकेटमध्ये काही कोंबावं लागत नाही. मालाच्या खाली काटे घालायचे आणि तो आहे तसा उचलायचा. त्याच्या तीन तऱ्हा दिल्या होत्या. पहिलीत बकेट पूर्ण काढून तिच्या जागी काट्यांची चौकट बसवायची. ती आमच्या ट्रॅक्टरला लागू नव्हती, आणि मागवायची तर परदेशातून यायची. दुसरीत काटे बकेटच्या पाठीला बोल्टनं कायमचे जोडायचे. मी ते वाचून दाखवलं तेव्हा मामंजींनी विचारलं, “म्हणजे बकेटला भोकं पाडायची?”

“हो, आठ.”

“ब्याड. भोकं पाडलेली वस्तू पुढे कुणी घेत नाही.”

राहिली तिसरी. तिच्यात काटे बकेटच्या खालच्या ओठावर सरकवून वरून जाड स्क्रूनं आवळायचे. काम झालं की स्क्रू सोडून काटे उतरवायचे, बकेट आहे तशी. मामंजी म्हणाले, “हे चांगलं.” हमालांनी तोवर त्या काट्यांना ‘सुळे’ म्हणायला सुरुवात केली होती. सुळे अजून तयारही झाले नव्हते.

यानंतर आमच्या घरात सुळ्यांची लांबी हा विषय आला आणि तो बरेच दिवस राहिला. मामंजींचं म्हणणं, पाच फूट हवेत. सुळा जितका लांब, तितका माल जास्त. मी माहितीपत्रकातलं एक पान पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यात लिहिलं होतं की माल यंत्रापासून जितका पुढे जातो, तितकी उचलण्याची ताकद कमी होते, आणि बकेटच्या ओठावर लावलेले काटे आधीच माल पुढे नेतात. म्हणजे ओठावरच्या सुळ्यांना लांबी परवडत नाही. मी हे सांगितलं. मामंजी म्हणाले, “कंपनीवाले भित्रे असतात.”

तुमचे आजोबा कॉलेजात गणित शिकवत. वखारीत ते सणासुदीला येत, आणि तेव्हाही चप्पल काढावी की नाही याचा विचार करत दारात थांबत. त्यांना विचारलं तर त्यांनी जेवण होईपर्यंत एका कागदावर मांडणी केली आणि निष्कर्ष सांगितला. पाच फुटी सुळ्यांवर ट्रॅक्टर भरपूर माल धरू शकेल, फक्त त्या वेळी त्याची मागची चाकं जमिनीवर असणार नाहीत. मामंजींनी विचारलं, “म्हणजे चालेल की नाही?” आजोबा म्हणाले, “चालण्याचा मुद्दा नव्हता.”

निकाल सासूबाईंनी लावला. त्या शेगडीवरून दुधाचं पातेलं उतरवत होत्या, भरलेलं. ते त्यांनी सांडशीसकट मामंजींपुढे धरलं. “हे घ्या. आधी पोटाजवळ धरा.” मामंजींनी धरलं. “आता हात लांब करा. अजून. पाच फूट कुठं आहेत तुमच्या हाताला, तरी करा.” मामंजींनी हात लांब केला. दूध सांडलं नाही, पण त्यांचं मनगट थरथरायला लागलं. त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि ते बाहेर गेले. संध्याकाळी मला म्हणाले, “तीन फूट लिही.”

सुळे करायला एमआयडीसीतला एक कारखानदार ठरवला. त्याचं काम मागांचे सुटे भाग करण्याचं. घरी तो तेलुगू बोले, आमच्याशी मराठी. त्याला मी वहीतली मापं दाखवली. त्यानं वही सरळ धरली, उलटी धरली आणि परत केली. “वहिनी, कागदावरून मी करत नाही. नमुना आणा.”

“नमुना असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?”

“ते खरं. पण नमुना आणा.”

मी घरी येऊन चादरींच्या खोक्यांचा पुठ्ठा घेतला, खळीनं चार-चार थर चिकटवले आणि खऱ्या मापाचे दोन सुळे कापले. टांग्यातून ते घेऊन निघाले. टांगेवाल्यानं विचारलं, “नाटक कुठं आहे, बाई?” मी म्हटलं, एमआयडीसीत.

कारखानदाराला पुठ्ठा आवडला. मग आमची खरी चर्चा झाली. तो म्हणाला, अँगल वापरतो, हलकं पडेल. मी म्हटलं, भरीव जाड पट्टीच हवी, आणि सुळा जिथे काटकोनात वळतो ते कोपर सगळ्यात जाड हवं, कारण मोडतो तो तिथेच. टोकाकडे मात्र निमुळता, नाहीतर मालाखाली शिरणार नाही. दोन्ही सुळ्यांच्या मध्ये एक आडवा पाइप हवा, नाहीतर ते ओठावर इकडेतिकडे सरकतील. आणि प्रत्येक सुळ्याला मागून एक साखळी, म्हणजे बकेट खाली कलली तरी सुळा ओठावरून निसटणार नाही. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “तुमचे मालक कुठली मिल बघतात?”

“ते कॉलेजात शिकवतात.”

“असं. तरीच वेळ मिळतो तुम्हाला.”

मागच्या बाजूच्या वजनाची सोय मामंजींनी केली. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी पेटी बसवून तिच्यात फरशीचे तुकडे भरले. तुकडा फरशीला वखारीत उठाव नव्हता, तो असा लागला. त्यांत ते पहिल्या दिवशीचे तीन कोपरेही गेले.

हे सगळं होईपर्यंत मार्गशीर्ष उजाडला. मुकादम रोज येई, यंत्र पुसे, तेल पाही, चालू करून दहा मिनिटं ऐके आणि बंद करी. टिचकी मारण्याजोगं त्यात काही नव्हतं, तरी एकदोनदा मारताना मी पाहिलं. सुळ्यांबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही. फक्त हमालांतला एक जण एकदा म्हणाला, “मुकादम, आवंदा जत्रंत काय घेनार?” तेव्हा म्हणाला, “यस्टीचं तिकीट.”

सुळे आले त्या दिवशी सकाळी वखारीत पूजा झाली. ट्रॅक्टरला हार, बकेटला हळद-कुंकू, सुळ्यांना विभूतीचे आडवे पट्टे. सासूबाईंनी नारळ वाढवला. आजोबा चप्पल काढून आत आले होते. कारखानदार स्वतः स्क्रू आवळायला आला होता, आणि सुळे बसल्यावर त्यांच्या कोपरावर उभं राहून त्यानं दोनदा उड्या मारल्या. हललेसुद्धा नाहीत. मला त्या वेळी जे वाटलं ते बी.ए.च्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मुकादम पोत्याच्या घडीवर बसला. यंत्र चालू केलं, सुळे जमिनीलगत आणले आणि फरश्यांच्या रांगेसमोर सरळ नेऊन थांबला. सगळे बघत होते. तोही बघत होता. मग त्यानं मान वळवून मला विचारलं,

“वैनीसाब, घालायचे कुटं?”

फरश्या जमिनीवर उभ्या होत्या, बोटभर जाडीच्या पट्ट्यांवर, एकीला टेकून एक. त्यांच्या खाली सुळा जाईल अशी जागा नव्हती. कधीच नव्हती. वखार निघाल्यापासून नव्हती. आणि आम्ही सगळे त्या वखारीतच उभे राहून तीन महिने सुळ्यांच्या लांबीवर बोलत होतो.

मी पिशवीतून माहितीपत्रक काढलं. प्रत्येक चित्रात मालाखाली एक लाकडी चौकट होती, खालून पोकळ. तिच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नव्हती, कारण ती जिथे छापलं तिथे प्रत्येकाकडे असणार. मी ती पाहिली नव्हती असं नाही. चित्रात जमीन असते, आकाश असतं, तशी ती आहे असं मला वाटलं होतं. मी शब्द सगळे वाचले होते.

आजोबा हळूच म्हणाले, “हे गृहीतक राहिलं.”

मामंजी कुणाकडेही न बघता हमालांना म्हणाले, “दोन ओंडके टाका. त्यांच्यावर ठेवा फरशी.”

“आडवी?” एका हमालानं विचारलं.

“आडवी.”

सहाही हमाल जागचे हलले नाहीत. त्यांना पहिल्या दिवशी जे शिकवलं होतं ते मामंजींनीच शिकवलं होतं. शेवटी वयानं थोरला होता त्यानं ओंडके टाकले आणि त्यांवर फरश्या आडव्या मांडल्या, चार, एकीवर एक, तोंड दुसरीकडे करून. मुकादमानं सुळे खाली घातले आणि मुंगीच्या गतीनं उचलले. वीतभर वर आल्यावर खालून आवाज आला. सगळ्यात खालची मधोमध गेली, आणि तिच्या पाठोपाठ तिच्यावरची.

मुकादमानं सुळे खाली टेकवले. यंत्र बंद केलं. सीटवरून उतरताना एक हात कंबरेवर ठेवला. घडी केलेलं पोतं झटकून दांडीवर टाकलं.

“आट दिस हायत की जत्रंला,” तो म्हणाला, आणि काठी घेऊन घरी गेला.

घरी जाताना टांग्यात सासूबाई मला म्हणाल्या, “सुळे चांगले झाले पण.” मी म्हटलं, हो. मला सुळ्यांचं काही वाटत नव्हतं. एक माणूस राखणीला जाऊ नये म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून जे काही केलं होतं ते त्याला जाण्याचं कारण म्हणून पुरलं होतं, आणि मापं माझ्या अक्षरात होती.

दुसऱ्या दिवशी मी माहितीपत्रक परत पेटीत ठेवायला म्हणून वखारीत गेले. मामंजी गादीवर बसले होते. अजून हमाल यायचे होते. तेवढ्यात फाटकातून एक हातगाडी आत आली. गाडी मुकादमाचा शेजारी ओढत होता, मुकादम काठी टेकत बाजूनं चालत होता आणि मागून त्याची बायको येत होती, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

“बगा वो मालक! ह्यास्नी सांगा काय तरी. पडून ऱ्हावा म्हनलं डाक्टर, आन ह्येंनी बाजच गाडीवर घातली! निजायचं कुटं मानसानं?”

हातगाडीवर बाज होती. बाभळीची, गुडघ्याएवढ्या चार खुरांची, जिच्यावर तो तीन महिने पडून होता. सुंभ सगळं सोडून टाकलेलं होतं. नुसता सांगाडा.

“तू गप की जरा,” मुकादम बायकोला म्हणाला. मग मामंजींकडे वळला. “तीन म्हयनं हिच्यावर पडून होतो, मालक. पाव्हनं आलं की चौघं चौघं बसायचे माज्या उशाला, कंबर बगायला. मोडली न्हाय. आन खाली मांजर जातंय तिच्या, शेरडू जातंय. सुळं न्हाईत जानार?”

मामंजी गादीवरून उठले. ते एरवी गिऱ्हाइकासाठीही उठत नसत.

तासाभरात हमालांनी बाजेवर आडव्या फळ्या ठोकल्या. एका बाजूला मुकादमानं दोन उंच खुंट मारायला लावले, जरा मागे कललेले. का, ते कुणी विचारलं नाही, सगळ्यांना कळलं. फरश्या त्या खुंटांना टेकून उभ्या राहिल्या, एकीला टेकून एक, आठ, जशा जमिनीवर राहतात तशा. वरून सुंभाचा एक वेढा. सोडलेलं सुंभही तो बरोबर घेऊन आला होता.

तो सीटवर बसला. सुळे बाजेखाली गेले, खुरांच्या मधून, थेट पलीकडच्या गात्यापर्यंत, म्हणजे कडेच्या लाकडापर्यंत, आणि पलीकडे चार बोटं बाहेर आले. तीन फूट. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. बाज जमिनीवरून उठली. करकरली, पण ती त्याच्या पाठीखालीही करकरत असे, असं त्याची बायको म्हणाली. ट्रॅक्टर वखारीच्या त्या टोकाला गेला, वळला, परत आला. बाज टेकली. मुकादम उतरला आणि एकेका फरशीला टिचकी मारत गेला. आठही खणखणीत वाजल्या.

“अजून दोन ठेवा,” मामंजी म्हणाले.

“न्हाय,” मुकादम म्हणाला. “मागची चाकं हलकी लागाय लागली. आट म्हंजे आट.”

मामंजींना नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे तेव्हा दुसरा नव्हता. मामंजी म्हणाले, “बरं.”

त्या बाजेवरून सुतारानं पुढे बारा बाजा केल्या. त्यांना वखारीत बाजच म्हणत. ‘चार बाजा फरशी काढ,’ ‘पाचवी बाज ट्रकला लाव.’ नवीन गिऱ्हाइकं जरा दचकत. मूळ बाज मात्र मुकादम दुसऱ्या कुणाला भरू देत नसे. तिच्यावर चांगला माल चढे.

मुकादम घरी जमिनीवर झोपू लागला. आमच्याच दोन फरश्या टाकल्या होत्या, वर घोंगडं. महिन्या-दीड महिन्यानं त्यानं काठी सोडली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाजेवरच्या विश्रांतीनं गुण आला. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

पण त्याआधी जत्रा झाली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम डोक्याला नवीन टॉवेल गुंडाळून गादीसमोर येऊन उभा राहिला. मी त्या दिवशी तिथे होते, कारण बाजांवर घालायचे आकडे रंगवून घ्यायचे होते. एक ते तेरा. मूळ बाजेला एक नंबर.

“बगितली जत्रा,” तो म्हणाला.

“बरं,” मामंजी म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

“जातो म्हनलं व्हतं की मी.”

“म्हणाला होतास.”

बाहेर एक ट्रक येऊन उभा राहिला होता आणि हमाल यंत्राभोवती उभे राहून दाराकडे बघत होते. सीटवर कुणी बसलं नव्हतं.

“मग माजी बाज तेवढी द्या माघारी,” मुकादम म्हणाला. “म्हंजे जातो.”

“ब्याड,” मामंजी म्हणाले.

मुकादमानं डोक्याचा टॉवेल सोडला, खांद्यावर टाकला, आणि दांडीवरचं पोतं घेऊन तो ट्रकाकडे गेला.